परसबागेतील बहुवर्षीय कांदा : लागवड, निगा आणि फुलकिड्यांचा 'हिरवा पूल'

मराठी स्वयंपाकघरात कांद्याच्या पातीला स्वतंत्र स्थान आहे. पीठ पेरून केलेली भाजी असो, पातीचा झुणका असो किंवा आमटीवर वरून पेरलेली मूठभर पात असो, तिची गरज बाराही महिने भासते. प्रत्यक्षात बाजारातील पात मुख्यतः हिवाळ्यात चांगली मिळते. उन्हाळ्यात ती लवकर कोमेजते आणि पावसाळ्यात चिखलाने माखलेली, करपलेली असते. कांद्याच्या गड्डीची अडचण याहून वेगळी असली तरी ती याच काळात उद्भवते. मार्च ते मे या काळात निघालेला रब्बी कांदा साठवणुकीत ऑक्टोबरपर्यंत पुरवावा लागतो आणि खरिपाचा कांदा पावसामुळे लांबला की भाव चढतात. १९९८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर दिल्लीतील भाववाढीने विधानसभा निवडणुकीचे वातावरण ढवळून काढले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. परसबागेतील चार-सहा कुंड्या बाजारभाव बदलू शकत नाहीत. मात्र एका कुटुंबाची रोजच्या पातीची गरज त्या भागवू शकतात. त्यासाठी उपयोगी पडणारे पीक म्हणजे बहुवर्षीय कांदा.

हे पीक लावणे सोपे आहे. मात्र वर्षभर हिरवे राहणारे कांदावर्गीय झाड हे वर्षभर उपलब्ध असलेले किडीचे घरही असते. फुलकिडे आणि त्यांच्यामार्फत पसरणारा विषाणू यांना एका हंगामातून दुसऱ्या हंगामात नेणारा 'हिरवा पूल' अशा झाडांमुळे तयार होऊ शकतो. शिवाय दर पंधरवड्याला ज्याची पात कापून खाल्ली जाते, त्यावर रासायनिक कीटकनाशक फवारण्यास वावच राहत नाही. म्हणून या पिकाची लागवड आणि त्याचे कीड व्यवस्थापन या दोन बाबी वेगळ्या न मानता एकत्रच शिकविणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने माहिती दिली आहे.

करोल बागेची गच्ची : एक कठोर परीक्षा

दिल्लीतील करोल बाग हा दाट वस्तीचा भाग. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकलेली तीन-चार मजली घरे आणि मातीचे अंगण जवळजवळ नाहीच. नोकरी-व्यवसायानिमित्त येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांची परसबाग म्हणजे गच्ची. या वस्तीला लागूनच पुसा परिसर आहे. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेची १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात मोठी हानी झाली. त्यानंतर १९३६ मध्ये ती दिल्लीस हलविण्यात आली आणि गावाचे नावही सोबत आले. आजची भारतीय कृषी अनुसंधान संस्था ती हीच. पुसा रेड, पुसा माधवी यांसारखे गड्डीच्या कांद्याचे वाण देणाऱ्या या संस्थेने 'पुसा सौम्या' हा न गड्डी धरणाऱ्या, फुटव्यांनी वाढणाऱ्या पातीच्या कांद्याचा वाणही विकसित केला आहे.

थंड प्रदेशातील पुस्तकांत बहुवर्षीय कांद्याला 'काटक' म्हटले जाते ते बर्फात तग धरण्याच्या गुणामुळे. दिल्लीत त्याची परीक्षा नेमकी उलट असते. डिसेंबर-जानेवारीतील चार-सहा अंशांची थंडी या पिकास मानवते. खरी कसोटी मे-जूनमध्ये लागते. तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, लू वाहते आणि सिमेंटची गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा आणि कुंडीत साचणारे पाणी. वर्षाचा सुमारे ७५० मिमी पाऊस बहुतांशी याच काळात पडतो.

महाराष्ट्रातील वाचकांना हा अनुभव परका नाही. जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूर येथील उन्हाळा याच जातीचा आहे. त्यामुळे करोल बागेच्या गच्चीवर जी पद्धत टिकते, ती खानदेश-विदर्भाच्या परसबागेत थोड्या फेरफाराने वापरता येते. पश्चिम महाराष्ट्रात उन्हाळ्याची अडचण कमी भासते. कोकणात मात्र उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यातील निचऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

बहुवर्षीय कांदा म्हणजे कोणता?

नेहमीचा कांदा, म्हणजे ॲलियम सेपा, हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने द्विवर्षीय आहे. पहिल्या हंगामात गड्डी, दुसऱ्या हंगामात फूल व बी, आणि जीवनक्रम पूर्ण. बहुवर्षीय कांदे मात्र बुडाशी फुटवे काढून स्वतःला वाढवत राहतात. परसबागेच्या दृष्टीने त्यांचे चार प्रकार लक्षात घ्यावेत.

पहिला, बेट करून वाढणारा पातीचा कांदा, म्हणजे ॲलियम फिस्टुलोसम. याची पात गोल व पोकळ असते, गड्डी जवळजवळ धरत नाही आणि विश्रांतीचा काळ नसतो. चीनमध्ये त्याची लागवड फार प्राचीन आहे; जपानमध्ये तो 'नेगी' या नावाने रोजच्या आहारात असतो. इंग्रजीत त्याला 'वेल्श कांदा' म्हणतात, पण वेल्स देशाशी त्याचा संबंध नाही. 'परदेशी' या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दावरून ते नाव पडले. पुसा सौम्या हा याच प्रकारातील वाण आहे.

दुसरा, चपट्या पातीचा व लसणासारख्या वासाचा ॲलियम ट्युबरोसम. मणिपूरमध्ये 'मरोई नाकुप्पी' म्हणून तो घरोघरी असतो. उन्हाळा सोसण्यात तो पहिल्या प्रकारापेक्षा सरस आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यास पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि त्यांवर मधमाश्यांची वर्दळ असते.

तिसरा, एका गड्डीपासून अनेक लहान गड्ड्या देणारा कांदा, म्हणजे तामिळनाडूतील सांबारचा छोटा कांदा. हा ॲलियम सेपाचाच एक गट आहे. तो उन्हाळ्यात पात टाकून विश्रांती घेतो. त्यामुळे गड्ड्या काढून जाळीच्या पिशवीत टांगून ठेवाव्या लागतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा लावाव्या लागतात. त्याचा वंश वर्षानुवर्षे टिकतो, पण पात बारमाही मिळत नाही.

चौथा, फुलदांड्याच्या टोकाशी छोट्या कंदिका धरणारा 'झाडकांदा'. त्यास दीर्घ दिवस आणि भरपूर थंडी लागते. मैदानी प्रदेशात त्याचा आग्रह धरू नये.

थोडक्यात, दिल्ली असो की महाराष्ट्र, बारमाही पातीसाठी पहिले दोन प्रकार योग्य ठरतात. निम्म्या कुंड्या एका व निम्म्या दुसऱ्या प्रकाराच्या ठेवल्यास हिवाळ्यात फिस्टुलोसमची व कडक उन्हाळ्यात ट्युबरोसमची पात हाती येते.

कुंडी, माती व लागवड

कांद्याची मुळे उथळ असतात. २५ ते ३० सेंमी खोल कुंडी किंवा तेवढ्याच खोलीची वाढपिशवी पुरेशी होते. गच्चीवर वजनाचा विचार महत्त्वाचा असल्याने केवळ माती न भरता एक भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण घ्यावे. तळाची छिद्रे मोकळी असावीत आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी. त्यामुळे निचरा होतो व तापलेल्या फरशीची उष्णता थेट मुळांना लागत नाही. काळ्या रंगाच्या कुंड्या मे महिन्यात मुळे भाजून काढतात. त्यांना बाहेरून चुना लावावा किंवा गोणपाट गुंडाळावे.

लागवडीस उत्तम काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आहे. फिस्टुलोसमचे बी ताजेच वापरावे. कांदावर्गीय बियाण्याची उगवणक्षमता दमट-उष्ण हवेत वर्षभरातच झपाट्याने घटते. बी एक सेंमी खोल पेरून सहा ते आठ आठवड्यांनी, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक झालेली रोपे कुंडीत लावावीत. ३० सेंमी व्यासाच्या कुंडीत चार ते पाच रोपे पुरतात. सुरुवातीस कुंडी रिकामी वाटली तरी दाटी करू नये, कारण वर्षभरात प्रत्येक रोपाचे बेट होते. ट्युबरोसम बहुधा बेटाची विभागणी करून लावतात. तीन-चार फुटव्यांचा एक ठोंब घेऊन जुनी मुळे थोडी छाटून लावल्यास तो लवकर जोर धरतो.

नत्राचा अतिरेक टाळावा. भरमसाट नत्रामुळे पात लुसलुशीत व गडद होते, पण अशाच पातीवर फुलकिडे अधिक वाढतात. दर कापणीनंतर प्रत्येक कुंडीस दोन मुठी गांडूळखत पुरेसे आहे. कांदा हे क्षारांना संवेदनशील पीक आहे. जेथे बोअरचे किंवा टँकरचे खारट पाणी वापरावे लागते, तेथे कुंडीच्या कडांवर पांढरा थर साचतो आणि पातीचे शेंडे जळतात. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा तळातून भरपूर पाणी वाहून जाईल इतके पाणी देऊन क्षार धुऊन काढावेत. पावसाळ्यात हे काम आपोआप होते.

एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत दुपारची सावली आवश्यक असते. ५० टक्के सावलीचे शेडनेट किंवा पश्चिमेकडील भिंतीचा आडोसा चालतो. मातीवर चार-पाच सेंमी जाडीचे भाताच्या पेंढ्याचे वा वाळलेल्या पाल्याचे आच्छादन करावे. आच्छादनाने ओल टिकते आणि मुळे थंड राहतात. कांद्याच्या पिकात पेंढ्याच्या आच्छादनामुळे फुलकिड्यांची संख्याही कमी राहत असल्याचे आढळले आहे.

फुलकिडे : ओळख व जीवनक्रम

कांद्यावरील फुलकिडे (थ्रिप्स टॅबॅसी) जेमतेम एक मिमी लांबीचे असतात. पिल्ले फिकट पिवळी, तर प्रौढ पिवळसर तपकिरी रंगाचे व झालरीसारख्या पंखांचे असतात. ते पातीचा पृष्ठभाग खरवडून रस शोषतात. त्यामुळे पातीवर चंदेरी पट्टे व ठिपके उमटतात. पुढे पात वाकडी होते आणि शेंड्याकडून वाळते.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने त्यांच्या जीवनक्रमातील चार गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

एक, मादी अंडी पातीच्या पेशीजालात खुपसून घालते. पात धुतली किंवा तिच्यावर फवारणी केली तरी अंडी सुरक्षित राहतात. ती कुंडीतून बाहेर जातात ती पात कापली तरच.

दोन, पिल्ले पातींच्या बेचक्यात, अगदी आतल्या कोवळ्या पानांच्या बुडाशी दडून राहतात. वरवर फवारलेले द्रावण तेथवर पोहोचत नाही.

तीन, पिल्लांच्या दोन अवस्था संपल्यावर पूर्वकोष व कोष या अवस्था बहुतांशी मातीच्या वरच्या थरात जातात. म्हणजे किडीचा एक भाग नेहमी झाडाबाहेर असतो.

चार, बहुतेक ठिकाणी या किडीच्या माद्या नराशिवायच प्रजनन करतात. एखादी मादी उरली तरी वस्ती पुन्हा उभी राहते. उबदार, कोरड्या हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होतो.

दिल्लीत फेब्रुवारीपासून मे पर्यंत त्यांची संख्या वाढत जाते. महाराष्ट्रातील रब्बी पिकात जानेवारी ते मार्च हा काळ जोखमीचा असतो. जोरदार पाऊस त्यांना धुऊन काढतो.

शेतातील कांद्यासाठी सर्वसाधारणपणे प्रति झाड ३० फुलकिडे ही आर्थिक नुकसानीची पातळी धरली जाते. परसबागेतील पातीस हा आकडा लागू करू नये. शेतात विकायची असते गड्डी. पातीवरील थोडे चट्टे गड्डीला फारसे बाधत नाहीत. येथे पात हेच उत्पादन आहे. म्हणून आठवड्यातून एकदा पांढरा कागद बुडाशी धरून पात हलकेच झटकावी आणि दोन-तीन झाडांची मधली पाने विलग करून भिंगातून पाहावीत. झाडागणिक पाच-सहा पिल्ले दिसू लागली की पुढील उपाय सुरू करावेत. ही संख्या प्रयोगांती ठरलेली मर्यादा नसून वेळेवर सावध होण्यासाठी वापरावयाची खूण आहे.

विषाणू आणि 'हिरवा पूल'

फुलकिड्यांचे थेट नुकसान परसबागेत सोसण्याजोगे असते. अधिक गंभीर बाब म्हणजे त्यांच्यामार्फत पसरणारा आयरिस यलो स्पॉट विषाणू. भारतात कांद्यावर त्याची पहिली नोंद २००६ मध्ये महाराष्ट्रातून प्रसिद्ध झाली. पातीवर, विशेषतः फुलदांड्यावर, गवताच्या वाळक्या रंगाचे, शंकरपाळ्याच्या आकाराचे चट्टे हे त्याचे लक्षण. बीजोत्पादनाच्या पिकात असे फुलदांडे मोडून पडतात आणि बी हाती लागत नाही.

या विषाणूचा प्रसार कसा होतो हे समजले की परसबागेचे महत्त्व कळते. विषाणू फुलकिड्यात शिरतो तो केवळ पिल्लाच्या कोवळ्या अवस्थेत, रोगट पात खाताना. ते पिल्लू प्रौढ झाले की आयुष्यभर निरोगी झाडांना रोग देत राहते. परंतु विषाणू मादीकडून अंड्यात उतरत नाही. याचा अर्थ असा की, फुलकिड्यांच्या प्रत्येक नव्या पिढीला विषाणू नव्याने मिळवावा लागतो आणि त्यासाठी जवळपास एखादे रोगट जिवंत झाड असावे लागते. शेतातील कांदा काढल्यानंतर ही साखळी बरीच क्षीण होते. मात्र बांधावर आपोआप उगवलेले कांदे, काही तणे आणि परसबागेतील बारमाही बेट हे ती जोडून ठेवतात. करोल बागेच्या गच्चीवर हा प्रश्न त्या गच्चीपुरता राहतो. नाशिक, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर वा धुळे जिल्ह्यातील कांदा उत्पादकाच्या घरामागे असलेले रोगट बेट मात्र शेजारच्या रोपवाटिकेस घातक ठरू शकते.

दुसरा विषाणू, ओनियन यलो ड्वार्फ, हा माव्यामार्फत पसरतो आणि गड्ड्या व फुटव्यांतून पुढील लागवडीत जातो. पातीवर पिवळे पट्टे येणे, पात चपटी व सुरकुतलेली होणे आणि झाड खुजे राहणे ही त्याची लक्षणे आहेत. दरवर्षी गड्ड्या लावून वाढविल्या जाणाऱ्या छोट्या कांद्यात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो. 'पूर्वीसारखे पीक येत नाही' ही तक्रार ऐकल्यावर विस्तार कार्यकर्त्याने खतापूर्वी या शक्यतेचा विचार करावा. विषाणूवर औषध नाही. रोगट बेट मुळासकट उपटून नष्ट करणे हाच उपाय आहे.

कीटकनाशकाऐवजी कापणी

कांद्यावर वापरण्यास शिफारस असलेल्या रासायनिक कीटकनाशकांना काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी असतो. तो गड्डीच्या पिकास धरून ठरविलेला असतो. जेथे आज फवारलेल्या पातीतील चार काड्या उद्या आमटीत जाण्याची शक्यता असते, तेथे अशी फवारणी करू नये. घरात लहान मुले असतील तर ही बाब अधिकच कटाक्षाने पाळावी.

सुदैवाने या पिकात एक साधन आपल्या हाती असते, ते म्हणजे कापणी. अंडी पातीत आणि पिल्ले बेचक्यात असल्याने, मातीपासून तीन-चार सेंमी उंचीवर घेतलेली कापणी किडीचा मोठा भाग झाडापासून वेगळा करते. नेहमीची घरगुती सवय मात्र याच्या उलट असते : आज या कुंडीतील चार पाती, उद्या त्या कुंडीतील दोन. अशा वेचक कापणीत फुलकिड्यांना खाण्याजोगी पात सतत उपलब्ध राहते. म्हणून पुढील पद्धत अवलंबावी.

कुंड्यांचे दोन गट करून ते गच्चीच्या किंवा अंगणाच्या दोन टोकांना ठेवावेत. एका गटातील सर्व कुंड्या एकाच दिवशी सरसकट कापाव्यात. नंतर बुंधे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावेत, जुनी पिवळी पाने काढावीत, आच्छादन बाजूला करून मातीचा वरचा दोन सेंमी थर हलवावा आणि दोन-तीन दिवस उन्हात तापू द्यावा. मग नवे आच्छादन घालावे. दुसऱ्या गटाची कापणी दोन आठवड्यांनी करावी. हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांत आणि उन्हाळ्यात पाच-सहा आठवड्यांत पात पुन्हा कापणीस येते. अशा रीतीने घरात पात मिळत राहते आणि प्रत्येक गटात किडीची साखळी ठरावीक काळाने तुटते. या पद्धतीने कीड समूळ नष्ट होत नाही, कारण मातीतील काही कोष शिल्लक राहतात. पण संख्या मर्यादेत राहते. किडलेली पात व निवडून टाकलेला भाग गच्चीवरच उघडा टाकू नये. तो साबणाच्या पाण्यात बुडवून किंवा बंद पिशवीत भरून टाकावा.

वनस्पतिजन्य फवारणी आवश्यक वाटल्यास ती कापणीनंतर लगेच, नवे कोंब दिसू लागताच करावी. ५० ग्रॅम निंबोळी पूड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, एक लिटर द्रावण करावे व त्यात थोडा सौम्य साबण मिसळावा. हे पाच टक्के निंबोळी अर्काचे प्रमाण होय. फवारणी संध्याकाळी आणि बुडाच्या बेचक्यात करावी. या वेळेस फवारल्याने पुढील कापणीपर्यंत किमान तीन आठवडे मिळतात. निळे चिकट सापळे पातीच्या उंचीवर लावल्यास प्रौढांची चाहूल लागते. मात्र सापळा हे मुख्यतः टेहळणीचे साधन आहे. धूळ बसलेल्या पातीवर आठवड्यातून दोनदा सकाळी पाणी शिंपडल्यास धूळ व पिल्ले दोन्ही कमी होतात. संध्याकाळी पात ओली ठेवू नये, कारण त्यामुळे जांभळ्या करप्यास वाव मिळतो.

माव्याचा थोडा प्रादुर्भाव दिसल्यास घाई करू नये. लेडीबर्ड भुंगेरे, क्रायसोपर्लाच्या अळ्या आणि सिरफिड माश्यांच्या अळ्या त्यावर जगतात. कोथिंबीर वा बडीशेपेच्या एक-दोन कुंड्या फुलोऱ्यात राहू दिल्यास या मित्रकीटकांच्या प्रौढांना मध व पराग मिळतात.

वर्षभराचे वेळापत्रक

ऑक्टोबर-नोव्हेंबर : दोन वर्षांहून जुन्या बेटांची विभागणी, नवी माती, फिस्टुलोसमची पेरणी. रोगट बेटे काढून टाकणे.

डिसेंबर-जानेवारी : भरघोस पातीचा काळ. गटवार कापणी, पाणी मोजकेच.

फेब्रुवारी-मार्च : फिस्टुलोसमला फुलदांडे येतात. बी नको असल्यास ते कोवळेपणीच काढावेत. फुलकिड्यांची साप्ताहिक पाहणी सुरू करावी.

एप्रिल : सावली धरण्यापूर्वी दोन्ही गटांची सरसकट कापणी. महिनाअखेर शेडनेट व जाड आच्छादन.

मे-जून : झाड जगविणे हा मुख्य उद्देश. रोज सकाळी पाणी. फिस्टुलोसमची कापणी शक्यतो टाळून ट्युबरोसमची पात वापरावी.

जुलै-सप्टेंबर : निचरा तपासणे, आच्छादन विरळ करणे, कुजलेली पाने काढणे. सप्टेंबरअखेर पुन्हा कापणी व खत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कांदा उत्पादक गावांत परसबागेची शिफारस करताना पुढील चार बाबी आवर्जून सांगाव्यात.

पहिली, रोपवाटिका आणि परसबाग यांत अंतर ठेवावे. खरीप वा रब्बीची रोपवाटिका टाकण्यापूर्वी दोन-तीन आठवडे परसबागेतील सर्व बेटे एकाच वेळी बुडाशी कापून पात नष्ट करावी. शेतातील आपोआप उगवलेले कांदे त्याच वेळी उपटावेत. हे काम एका घराने करून भागत नाही. वस्तीवरील सर्वांनी एकाच आठवड्यात केल्यास त्याचा उपयोग होतो.

दुसरी, बीजोत्पादनाच्या प्लॉटजवळ छोट्या कांद्याचे फुलदांडे उमलू देऊ नयेत. तो नेहमीच्या कांद्याचाच जातभाई असल्याने मधमाश्यांमार्फत सहज संकर होतो. बीजोत्पादनातील विलगीकरण अंतर शेकडो मीटरमध्ये मोजले जाते, हे लक्षात घेता घरामागची एक कुंडीही नजरेआड करता येत नाही. फिस्टुलोसमचा कांद्याशी संकर क्वचित होतो व त्याची संतती बहुधा वांझ असते. तरीही त्याचे दांडे काढणेच इष्ट.

तिसरी, ठोंबांची देवाणघेवाण मातीसकट करू नये. शेजाऱ्यास ठोंब देताना मुळे स्वच्छ धुऊन, पात बुडाशी कापून, वाळकी साले काढून द्यावीत. मातीतून मुळकुजीची बुरशी व सूत्रकृमी, तर पातीतून फुलकिड्यांची अंडी नव्या घरी जातात. पातीवर पिवळे पट्टे किंवा शंकरपाळ्यासारखे चट्टे असलेल्या बेटातील एकही फुटवा कोणास देऊ नये.

चौथी, दर तीन-चार वर्षांनी फिस्टुलोसमची लागवड बियाण्यापासून नव्याने सुरू करावी. वर उल्लेखिलेले दोन्ही विषाणू बियाण्यातून पसरत नाहीत, त्यामुळे साचलेला रोग जुन्या बेटासोबतच संपतो. बियाण्याच्या उपलब्धतेची चौकशी दिल्लीतील वाचकांनी पुसा येथील कृषी तंत्रज्ञान माहिती केंद्रात, तर महाराष्ट्रातील वाचकांनी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी. कांदावर्गीय पिकांविषयीचे तांत्रिक मार्गदर्शन राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाकडून मिळू शकते.

येत्या हंगामासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील दोन-तीन परसबागा निवडून तेथे गटवार कापणीचे प्रात्यक्षिक घ्यावे. एका गटात सरसकट आणि दुसऱ्या गटात नेहमीची वेचक कापणी ठेवून, फेब्रुवारी ते एप्रिल दर आठवड्यास प्रत्येकी पाच झाडांवरील फुलकिडे मोजावेत व नोंदवहीत लिहावेत. भिंग, पांढरा कागद आणि वही एवढेच साहित्य त्यास लागते. गृहिणींनी स्वतः मोजलेले आकडे गावाच्या बैठकीत मांडले गेल्यास रोपवाटिकेपूर्वीच्या सामूहिक कापणीसाठी इतर घरांची तयारी करणे सुलभ होईल.